पहिली तीन पावलं

पहाटे सव्वाचारचा गजर. हॅलिफॅक्स अजून काळंच.
आणि पलंगावरून उतरलेली टाच
थेट खिळ्यावर.
खिळा नसतोच. गालिचा असतो, राखी, कोमट.
तीनदा दिवा लावून पाहिलंय.

पहिलं पाऊल. दुसरं. तिसरं, कपाट धरून.
चौथ्यापासून मी जरा माणूस होतो.

मालमत्तेवर टाच येते, हे ऐकून होतो.
माझ्या टाचेवरच टाच आली,
बावन्नाव्या वर्षी,
नोटीसबिटीस न देता.

बावीस वर्षं टपाल वाटतोय या चढांवर.
पावसानं बुळबुळीत दगडी पायऱ्या,
पत्राची फट घोट्याएवढ्या उंचीवर
आणि फटीमागे कुत्रं.
रोजचे अकरा मैल.
आई फोनवर म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे.
भिंगरी गंजली गं.

डेपोतला ग्रॅहम म्हणाला, हाड वाढलंय,
माझ्या मेव्हण्याचं कापलं, आता तो मासे धरत बसतो.
आठवडाभर मी मासे धरत बसलो, झोपेत.

मग नेरिस. वेल्सची, फिजिओ, हात बर्फासारखे.
अंगठा बरोबर तिथेच रोवला
आणि माझ्या तोंडून जे निघालं
ते तिला कळलं नाही, हे बरंच झालं.
म्हणाली, हाडाचं टोक असेलही, पुष्कळांना असतं,
त्यांचं काही दुखत नाही.
तुझा दुखतो तो पट्टा, टाचेपासून बोटांपर्यंतचा.
रात्री तो आखडून झोपतो बिचारा,
आणि तू उठतोस तोच
त्याच्यावर ब्याऐंशी किलो ठेवतोस.

बिचारा! मी त्याला महिनाभर शिव्या घालत होतो.

तर आता उठण्याआधी
पंचाचा फास बोटांत अडकवून पाय ओढायचा,
गाईचं दावं ओढावं तसा, पण प्रेमानं.
संध्याकाळी गोठवलेली बाटली तळव्याखाली,
मागेपुढे, मागेपुढे,
बातम्या संपेपर्यंत पोळी लाटल्यासारखी.
किती दिवस? विचारलं.
दिवस नाही, महिने, म्हणाली, आणि हसली.
आणि घरात अनवाणी चालायचं नाही.

इथे शरयू अडली.
स्वयंपाकघरात बूट?
बॉयलरशेजारच्या फळीवर देव आहेत तिच्या माहेरचे.
दोन दिवस कुणी काही बोललं नाही.
तिसऱ्या दिवशी तिनंच कोरा जोड आणला,
रस्ता न पाहिलेला,
आणि दोन्ही तळांवर नेलपॉलिशनं लिहिलं: घर.
माझ्या पायाखाली आता घर असतं.
फळीसमोर मात्र मी ते उतरवतो, आणि एका पायावर नमस्कार करतो.

राहिली भिंत.
दोन्ही हात टेकायचे, दुखरा पाय मागे,
टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणायची,
तीस आकडे, जणू घर शेजाऱ्याकडे सरकवायचंय.
दाराजवळ जागा नव्हती
म्हणून पलंगाच्या पलीकडे गेलो, तिच्या बाजूला.

बारा, तेरा, चौदा.
वॉलपेपरवर, कमरेच्या जरा वर,
तळहाताच्या रुंदीचा एक पट्टा
तेलकट, फुलं पुसलेली,
पलंगापासून दारापर्यंत.

माझा हात तिथवर कधी जात नाही.

बाजारातल्या बेकरीत ती नऊ वर्षं उभी आहे,
सिमेंटच्या फरशीवर, पातळ सपाट बुटांत.
मी पहाटे जातो तेव्हा ती झोपलेली असते.
तिला उठताना
मी शेवटचं कधी पाहिलं?

रविवारी डोळे मिटून पडून राहिलो.
तिनं पाय खाली टेकले.
हात भिंतीवर गेला, सवयीनं,
स्वतःच्याच घरात अंधारात चाचपडावं तसा.
एक. दोन. तीन.
मग सरळ झाली, अंबाडा बांधला, खाली गेली.

चहा घेताना विचारलं, टाच दुखते का तुझी?
म्हणाली, सकाळी होतंच की थोडं. सगळ्यांचंच होतं.

काही बोललो नाही. उठलो,
रिकामी बाटली विसळली, पाण्यानं भरली
(काठापर्यंत नाही, बर्फ फुगतो)
आणि वाटाण्याच्या पिशवीपलीकडे, माझ्या बाटलीला लागून,
आडवी ठेवली.